हाऊसकीपर, नोकर की भाची? ब्रिटिश जनगणनेतील एका स्त्रीच्या नोंदींचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी बाईंनी आपल्या मुलांसाठी दोन्हीकडच्या घराण्यांची माहिती मराठीत लिहून काढायचे ठरवले. माहेरची बाजू वडिलांच्या आठवणींवर आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीवर उभी राहिली. सासरची बाजू मात्र ब्रिटिश जनगणनेच्या नोंदींवर उभी करायची होती, आणि त्या नोंदी वाचून त्यांचा मराठी मजकूर तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. हा लेख त्या कामातील एकाच स्त्रीविषयी आहे. ती बाईंच्या यजमानांची खापरपणजी. कुटुंबाच्या संमतीने नावे, गाव आणि ओळख पटेल असे इतर तपशील येथे वगळले आहेत.

सासरच्या घरात या खापरपणजीविषयी एकच गोष्ट चालत आली होती: ती एका मोठ्या घरात 'हाऊसकीपर' होती. घरात किल्ल्यांचा एक जुडगा जपून ठेवलेला आहे आणि तो तिच्या कमरेला असे, असे सांगतात. त्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जमीनदाराच्या हवेलीतली, हाताखाली डझनभर मोलकरणी असलेली, काळ्या पोशाखातली करारी बाई उभी राहत असे. बाईंनी तिच्यासाठी 'कारभारीण' हा शब्द आधीच मुक्रर करून ठेवला होता आणि तो त्यांना फार आवडला होता.

जनगणनेच्या साधनाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्या रचनेतूनच निर्माण झाला. ब्रिटनमध्ये १८०१ पासून, १९४१ चा अपवाद वगळता, दर दहा वर्षांनी जनगणना होत आली आहे. नावनिशीवार नोंदी देशभर जपल्या गेल्या त्या १८४१ पासून, आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते सांगणारा रकाना आला तो १८५१ मध्ये. नोंदी शंभर वर्षे बंद ठेवल्या जातात, म्हणून आज १९२१ पर्यंतच्या पाहता येतात. घरोघरी दिलेला तक्ता कुटुंबप्रमुखाने भरायचा, त्याला लिहिता येत नसेल तर गणकाने भरून द्यायचा आणि मग गणकाने ते सारे तक्ते आपल्या वहीत उतरवायचे, अशी पद्धत होती. मूळ तक्ते नंतर नष्ट केले गेले. म्हणजे १९०१ पर्यंतच्या ज्या नोंदी आपण पाहतो त्या गणकाच्या वहीतल्या आहेत, घरच्या माणसाच्या हातच्या नाहीत. घरच्या हस्ताक्षरातले तक्ते टिकले ते १९११ पासूनचे. आपल्याकडे १८८१ पासून २०११ पर्यंत सलग जनगणना झाली, परंतु घरोघरचे तक्ते जपले गेले नाहीत, छापील कोष्टके तेवढी उरली. त्यामुळे असा शोध आपल्या घराण्यांसाठी घेताच येत नाही, आणि म्हणूनच मराठी वाचकाला या नोंदी कशा वाचायच्या याची सवय नसते. ती मलाही पुरेशी नव्हती, हे पुढे दिसेलच.

अडचण

बाईंनी पाठवलेल्या कागदांत या स्त्रीच्या तीन नोंदी होत्या. तिन्ही एका संकेतस्थळावरील टंकलिखित उताऱ्यांवरून घेतलेल्या होत्या.

१८६१ मध्ये ती आठ वर्षांची, यॉर्कशरच्या डोंगराळ भागात आईवडिलांपाशी राहणारी. वडील शिशाच्या खाणीत कामाला. तिच्या व्यवसायाच्या रकान्यात 'स्कॉलर', म्हणजे शाळेत जाणारी. १८७१ मध्ये ती अठरा वर्षांची, काही मैलांवरच्या एका शेतघरात. प्रमुखाशी नाते 'सर्व्हंट', व्यवसाय 'डेअरीमेड'. १८८१ मध्ये ती अठ्ठावीस वर्षांची, अविवाहित, त्याच शेतघरात. आता नाते 'नीस' आणि व्यवसाय 'हॉर्सकीपर'.

दहा वर्षांपूर्वी जी नोकर होती ती त्याच घरात नात्याची कशी झाली? जी हवेलीची हाऊसकीपर होती असे घर सांगते, ती घोडे कधी राखत होती? आणि १८८३ मध्ये तिने त्याच शेतकऱ्याच्या थोरल्या मुलाशी लग्न केले, हे कुटुंबाला आधीपासून माहीत होते. मग हे लग्न मालकाच्या मुलाचे मोलकरणीशी झालेले होते की नात्यातले? सासरच्या एका शाखेत पहिली कथा रंगवून सांगितली जात असे, दुसऱ्या शाखेत तिचा उल्लेखही खपत नसे.

माझ्यापुढची अडचण यापेक्षा साधी पण चिवट होती: प्रत्येक इंग्रजी शब्दासाठी एक मराठी शब्द निवडायचा होता, आणि मराठी शब्द निवडला की नोंदीने न सांगितलेली एखादी गोष्ट आपोआप सांगितली जात होती. 'सर्व्हंट'ला मोलकरीण म्हटले की मोल, म्हणजे मजुरी, आलीच. 'नीस'ला तर मराठीत एक शब्दच नाही. भावाची मुलगी ती पुतणी, बहिणीची ती भाची, आणि बायकोच्या बाजूने आली तर आणखी वेगळे. इंग्रजी नोंद यातले काहीच सांगत नाही आणि मराठी वाक्य ते सांगितल्याशिवाय पुरे होत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता व्यवसायाच्या रकान्याला प्रमाण मानण्याचा. संगणकीय शोधात आणि सरकारी कोष्टकांतही बहुधा हेच होते. व्यवसायाचा शब्द जो असेल त्यावरून माणूस एका वर्गात पडतो. हे सोपे असते, परंतु त्यात घरातले त्याचे स्थान हरवते.

दुसरा पर्याय नात्याच्या रकान्याला वरचष्मा देण्याचा होता. ब्रिटिश इतिहासकार एडवर्ड हिग्ज यांनी लँकाशरमधील रॉचडेलच्या गणकवह्या तपासून दाखवले आहे की, घरकामाचा व्यवसाय लिहिलेल्या अनेक स्त्रिया त्या घराच्या प्रमुखाच्या नोकर नव्हत्या, तर नात्यातल्या होत्या. केवळ व्यवसायाच्या शब्दावरून नोकरांची संख्या मोजली तर ती फुगते. हा इशारा आमच्या प्रकरणाला नेमका लागू पडत होता. मात्र त्याची उलट बाजूही होती. नातेवाईक म्हणून लिहिलेली मुलगी प्रत्यक्षात नोकरासारखी राबत नसेलच, असे नात्याच्या रकान्यावरून म्हणता येत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे इंग्रजी शब्द देवनागरीत जसेच्या तसे ठेवून निष्कर्ष टाळण्याचा. संशोधकासाठी तो प्रामाणिक ठरला असता. परंतु पुस्तिका ज्या मुलांसाठी होती त्यांना 'नाते: सर्व्हंट, व्यवसाय: डेअरीमेड' या ओळीतून काय कळणार?

चौथा पर्याय वेळखाऊ आणि थोडा खर्चाचा होता: जनगणनेच्या बाहेर पडून जन्म, विवाह, बाप्तिस्मा आणि मृत्युपत्र यांच्या नोंदी मिळवायच्या आणि त्यांच्या आधारे शब्द ठरवायचे. सुरुवातीला तो मी बाजूला ठेवला. एका बाईच्या तीन ओळींसाठी एवढा खटाटोप कशाला, असे मला वाटले होते.

पहिला मसुदा आणि त्यातील चूक

मी पहिला मसुदा पहिल्या दोन पर्यायांची भेसळ करून लिहिला. १८७१ साठी 'शेतकऱ्याच्या घरी मोलकरीण' आणि १८८१ साठी 'शेतकऱ्याची पुतणी' असे लिहिले. 'पुतणी' का, याचे आज माझ्यापाशी समर्थन नाही. शेतकरी पुरुष, मुलगी त्याच्या घरी राहणारी, म्हणून 'काकाच्या घरी' हा शब्द हातातून सहज उतरला, एवढेच.

मसुदा बाईंच्या आईंनी वाचला. त्यांनी फोनवर लेकीला एकच प्रश्न विचारला: "अगं, पुतणी म्हणतेस तर मग हिने सख्ख्या चुलत भावाशी लग्न केलं की काय?" मराठी घरात हा प्रश्न येणे अटळ होते. मामाच्या मुलाशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न अनेक समाजांत चालते, काही ठिकाणी तर हक्काचे मानले जाते, पण चुलत भाऊ म्हणजे भाऊच. इंग्लंडच्या कायद्यात चुलत, मामे, आते, मावस असा भेद नाही आणि अशा भावंडांचे लग्न कायदेशीर आहे. त्यामुळे इंग्रजी नोंदीला तो प्रश्न पडतच नाही. मी पुराव्याशिवाय निवडलेल्या एका शब्दाने एका कुटुंबात नसलेला प्रमाद उभा केला होता, किंवा निदान तो असल्याची शंका उभी केली होती. तेव्हा चौथा पर्याय स्वीकारण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

केलेली कृती

आरंभ मूळ पानांपासून केला, जो खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवा होता. १८८१ च्या पानाची प्रतिमा मोठी करून पाहिली. व्यवसायाच्या रकान्यात गणकाचा तिरका, घाईचा हात होता, आणि त्या शब्दावरून पेन्सिलची एक तिरपी रेघ गेलेली होती. लंडनच्या कार्यालयात कारकून व्यवसायांची मोजदाद करताना अशा खुणा करीत, आणि वह्यांमधील कितीतरी शब्द त्या रेघांखाली दबलेले आहेत. रेघ नेमकी 'यू' या अक्षराच्या मध्यातून जात होती, त्यामुळे ते अक्षर उतारा करणाऱ्याला 'आर' वाटले होते. त्याच गणकाने त्याच पानावर 'हाऊस' हा शब्द पत्त्याच्या रकान्यात तीनदा लिहिला होता. त्या तीन शब्दांशी ताडून पाहिल्यावर शंका उरली नाही. ती 'हाऊसकीपर' होती. 'हॉर्सकीपर' हाही त्या काळचा खरा व्यवसाय होता, खाणींत आणि मालवाहतुकीच्या धंद्यात तो आढळतो. म्हणूनच उतारा करणाऱ्याला तो खटकला नसावा. जी चूक अर्थपूर्ण शब्द तयार करते ती सर्वांत उशिरा सापडते.

म्हणजे घरातली आठवण शब्दापुरती खरी ठरली. पण कुठल्या घराची हाऊसकीपर? प्रमुखाच्या नोंदीत त्याची जमीन ८४ एकर आणि कामाला एक माणूस असे लिहिलेले होते. १८५१ ते १८८१ या काळात शेतकऱ्याने एकर आणि मजुरांची संख्या सांगायची असे, आणि घराचा आवाका समजण्यासाठी त्या दोन आकड्यांइतके उपयोगी दुसरे काही नसते. घरात तो स्वतः, वय ५८, विधुर, दोन तरुण मुलगे, त्यांच्यापुढे व्यवसाय म्हणून फक्त 'शेतकऱ्याचा मुलगा', एक शेतगडी आणि ही. हवेली नाही, मोलकरणींचा ताफा नाही. त्या घरात ती एकटी बाई होती.

यानंतर मी ती एक ओळ सोडून गणकाची संपूर्ण वही वाचली. या प्रकरणातला सर्वांत फलदायी निर्णय हाच ठरला. त्या वहीत हाऊसकीपर म्हणून लिहिलेल्या सहा स्त्रिया होत्या. नात्याच्या रकान्यात दोघी 'मुलगी', एक 'बहीण', दोघी 'नीस' आणि एकच 'सर्व्हंट'. सहापैकी पाच घरांत प्रमुख विधुर किंवा अविवाहित होता. म्हणजे त्या खोऱ्यात, त्या गणकाच्या हाती, हा शब्द हुद्दा सांगत नव्हता. जिथे घरधनीण नाही तिथे तिची जागा भरून काढणारी बाई, असा त्याचा अर्थ होता. शब्दाचा अर्थ कोशात शोधण्यापेक्षा त्याच हाताने तो आणखी कुठे लिहिला आहे हे पाहावे, हे मला तेव्हा पटले.

१८७१ चे पान पाहताना वेगळी गोष्ट दिसली. त्या वर्षी शेतकऱ्याची बायको हयात होती आणि मुलगे लहान होते. मुलीचे आडनाव शेतकऱ्याच्या आडनावापेक्षा वेगळे असल्याने, नाते लिहिले नाही तर ते कळायला मार्ग नव्हता. तिच्या खालच्याच ओळीत शेतगडी आणि त्याच्यापुढेही 'सर्व्हंट'. येथे मराठीने मदत केली. उत्तर इंग्लंडमधील शेतघरांत राहून काम करणारे गडी वर्षाच्या बोलीवर ठेवले जात आणि नव्या वर्षाचा करार बहुधा ११ नोव्हेंबरच्या, सेंट मार्टिनच्या दिवसाच्या सुमारास होई. मालकाच्या घरी राहणे, त्याच्याच स्वयंपाकघरात जेवणे आणि वर्षाअखेरीस हिशेब. हा तर आपला सालगडी. त्या 'सर्व्हंट'ला घरनोकर म्हटले असते तर वाचक फसला असता, सालगडी म्हटल्यावर त्याला काही समजावून सांगावे लागत नाही. पण त्या मुलीसाठी तो शब्द चालत नव्हता, कारण तिच्याशी अशी बोली झाली होती की नाही हेच ठाऊक नव्हते. 'डेअरीमेड' मात्र कामाचे वर्णन आहे: धारा काढणे, साय काढणे, लोणी घुसळणे, चीज दाबून पाट्यांवर लावणे. त्यासाठी 'दूधदुभते पाहणारी' एवढेच लिहायचे ठरवले.

आता नाते. १८३७ च्या जुलैपासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद होते आणि जन्माच्या दाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव असते. तिचा १८५२ चा दाखला मागवला. आईचे माहेरचे आडनाव शेतकऱ्याचेच होते. पण एकाच खोऱ्यात एकाच आडनावाची अनेक घरे असतात, म्हणून तेवढ्यावर थांबलो नाही. १८४१ च्या जनगणनेत तिची आई आणि तो शेतकरी दोघे एका घरात सापडले, तरी तिथेही एक खोड होती. त्या वर्षी नात्याचा रकानाच नव्हता, आणि पंधरा वर्षांवरील माणसांची वये खालच्या पाचाच्या पटीत उतरवून लिहायची सूचना होती. त्यामुळे एकोणीस वर्षांचा भाऊ आणि पंधरा वर्षांची बहीण दोघांच्याही पुढे '१५' आहे, आणि अनभिज्ञ वाचकाला ती जुळी वाटावीत. शेवटी चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत, १८१३ पासून चालू झालेल्या छापील नमुन्यात, दोघांचे आईवडील, वस्ती आणि वडिलांचा व्यवसाय एकच निघाले. शेतकरी तिचा मामा होता, काका नव्हता. ती भाची होती, आणि तिने मामेभावाशी लग्न केले होते.

बाईंनी आईंना फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आले, "मग नीट सांगायचं ना, मामाच्या घरात पडली म्हणून!"

एक प्रश्न अजून शिल्लक होता: तिला पैसे मिळत होते का? इंग्लंड-वेल्समधील १८५८ पासूनच्या मृत्युपत्रांची वर्षवार सूची उपलब्ध आहे. मामाचे मृत्युपत्र मागवायचे की नाही यावर आम्ही बराच वेळ घालवला, कारण सूचीत फक्त मालमत्तेची एकूण रक्कम होती आणि आत काय असेल याची खात्री नव्हती. मागवले. १८८२ मध्ये, म्हणजे तिच्या लग्नाच्या आधी, केलेल्या त्या मृत्युपत्रात भाचीला ४० पौंड ठेवले होते, आणि बायकोच्या मृत्यूनंतर तिने घर सांभाळल्याचा मोबदला म्हणून ते आहेत असे नमूद केले होते. मामी वारली १८७६ मध्ये. सहा वर्षांचे ४० पौंड म्हणजे वर्षाला सात पौंडही नाहीत. १८६० च्या सुमारास सगळे काम एकटीने करणाऱ्या साध्या घरकामाच्या मुलीला राहून-जेवून वर्षाला साधारण ९ ते १४ पौंड मिळत. शिवाय ही रक्कम हातात पडणार होती ती मामाच्या मृत्यूनंतर, आणि तो गेला १८९३ मध्ये. तोवर ती त्याची सून होऊन दहा वर्षे लोटली होती. मामाने तिची सेवा ओळखली होती, हे खरे. तिचा पगार थकलेला होता, हेही तितकेच खरे, असे माझे मत आहे, आणि पुस्तिकेत ते माझे मत म्हणूनच लिहिले आहे.

लग्नानंतरच्या नोंदी पाहिल्या तर त्या जवळजवळ रिकाम्या आहेत. १८८३ च्या विवाह दाखल्यावर वराचा व्यवसाय शेतकरी, दोघांच्या वडिलांचे व्यवसाय लिहिलेले, आणि वधूच्या व्यवसायाच्या जागी आडवी रेघ. १८९१ मध्ये मालक, नोकर आणि स्वतंत्र धंदा असे तीन नवे रकाने आले, त्यांतला 'मालक' नवऱ्याकडे गेला आणि तिच्यापुढे काही नाही. १९०१ मध्येही नाही. १८८१ मध्ये हाऊसकीपर असलेली बाई तेच घर, तेच दूध, तीच चुलीची कामे करीत होती, पण बायको झाल्याबरोबर तिचा व्यवसाय संपला होता. यात गणकाचा दोष म्हणता येत नाही. आधीच्या जनगणनांत गृहिणींना निदान 'घरगुती' नावाचा स्वतंत्र वर्ग होता. १८८१ च्या कोष्टकांत घरचेच काम करणाऱ्या बायका-मुलींना व्यवसाय नसलेल्यांच्या वर्गात टाकले गेले, आणि पुढे तीच रीत पडली.

परिणाम

अंतिम मजकुरात १८७१ साठी असे लिहिले: मामाच्या शेतघरी दूधदुभते पाहत असे, जनगणनेत तिला नोकर म्हटले आहे, तिला मजुरी मिळत होती की नाही ते कळत नाही. १८८१ साठी: मामी वारल्यावर मामाचे घर सांभाळणारी भाची. 'हाऊसकीपर' हा शब्द देवनागरीत ठेवला, कारण तो कुटुंबाच्या आठवणीत आहे, आणि त्यापुढे खोऱ्यातला त्याचा अर्थ दोन वाक्यांत दिला. 'मोलकरीण' आणि 'पुतणी' हे दोन्ही शब्द गेले.

'कारभारीण' या शब्दावर मात्र वाद झाला. हवेलीची व्यवस्थापक या अर्थाने तो चुकीचा होता, म्हणून मी तो काढला. बाईंनी तो परत घातला, परंतु १८८३ नंतरच्या परिच्छेदात. खेड्यात नवरा बायकोला कारभारीण म्हणतो, आणि त्या अर्थाने तो अगदी चपखल बसतो, असे त्यांचे म्हणणे होते. मला हरकत घेता आली नाही.

किल्ल्यांचा जुडगा तसाच आहे. त्यातली सर्वांत मोठी किल्ली चीज ठेवायच्या खोलीची असावी, असा घरातल्या एकांचा तर्क आहे. त्याला कागदोपत्री आधार नाही, म्हणून तो पुस्तिकेत घेतला नाही.

मोलकरणीशी लग्न केल्याची कथा सांगणाऱ्या शाखेला नवा मजकूर फारसा रुचला नाही, कारण त्यातली रंगत गेली. दुसऱ्या शाखेलाही तो पूर्णपणे मानवला नाही, कारण 'नोकर' हा शब्द त्यात अजून आहे.

काय वेगळे करता आले असते

टंकलिखित उताऱ्यावर विसंबून मसुदा लिहिणे ही माझी पहिली चूक. प्रतिमा पाहायला दहा मिनिटे लागली असती आणि घोडे राखणारी बाई समजावून घेण्यात गेलेले दोन आठवडे वाचले असते. दुसरी चूक अधिक गंभीर होती. 'नीस' या शब्दापाशी मराठीने मला थांबवले होते, आणि मी न थांबता एक शब्द घेऊन पुढे गेलो. ज्या ठिकाणी आपली भाषा मूळ नोंदीपेक्षा जास्त माहिती मागते, तिथे ती माहिती मिळेपर्यंत वाक्य अपुरे ठेवणे योग्य. 'शेतकऱ्याच्या नात्यातली मुलगी' असे त्या वेळी लिहिता आले असते. याच जातीचा आणखी एक सापळा सांगून ठेवतो: त्या शतकातील नोंदींत 'डॉटर इन लॉ' हा शब्द अनेकदा सावत्र मुलीसाठी येतो. त्याला डोळे झाकून सून म्हटले की घराण्यात एक नसलेले लग्न जन्माला येते.

जन्माचा दाखला आधी मागवला असता तर १८४१ ची पाने चाळण्याचे श्रम कमी झाले असते, हे खरे. मात्र गणकाची संपूर्ण वही वाचण्याचे काम मी पुन्हाही करीन, आणि पुढच्या वेळी ते सुरुवातीलाच करीन. १८७१ च्या वहीचे तसे वाचन अर्धवट राहिले आहे. त्या गणकाने इतर घरांतल्या नात्यातल्या मुलींनाही 'सर्व्हंट' लिहिले होते का, हे पाहिले तर मजुरीचा प्रश्न सुटला नाही तरी 'नोकर' हा शब्द कोणाचा, घरच्यांचा की गणकाचा, याविषयी काही बोलता येईल.

पुस्तिकेत या स्त्रीच्या प्रकरणाच्या शेवटी १९११ चा तक्ता छापला आहे. तो तिने स्वतः भरला आहे, नवरा १९०६ मध्ये गेल्यानंतर. हस्ताक्षर मोठे आणि शाळकरी आहे. कुटुंबप्रमुखाच्या जागी तिचे नाव, वय ५८, व्यवसाय शेतकरी, आणि त्यापुढे 'मालक'. खालच्या ओळीत बावीस वर्षांच्या मुलीचे नाव आहे, आणि तिच्या व्यवसायाच्या रकान्यात आईने 'घरकाम' अशा अर्थाचे दोन शब्द लिहिले आहेत. त्या वर्षीच्या सूचनेनुसार घरचेच घरकाम करणाऱ्या मुलींसाठी काही लिहिण्याची गरज नव्हती, म्हणून गणना कार्यालयातल्या कारकुनाने ते दोन शब्द आडवी रेघ मारून खोडले आहेत. खोडलेले शब्द तरीही वाचता येतात. बाईंनी ते मराठीत घेतले आहेत, आणि त्यांच्यावर तशीच रेघ मारली आहे.